तोंडाकडच्या विटा

काम साधं होतं. विटा आणायच्या होत्या.

आता विटा आणायला पीएचडी करणारी मुलगी कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. लागते, कारण तिची पीएचडीच विटांवर होती. घर बांधायच्या विटा नव्हेत. लोखंडाचं पाणी होईल एवढ्या आचेतही उभ्या राहणाऱ्या, भट्टीला आतून लावायच्या जड विटा. त्याही कायमच्या टिकत नाहीत. वितळलेल्या धातूवर जी मळी तरंगते, ती त्यांना हळूहळू खाते. ती कशी खाते आणि तिला अडवायचं कसं, हा तिचा विषय. साडेतीन वर्षं ती मळीला तऱ्हेतऱ्हेच्या विटा खाऊ घालत होती, आणि मळी त्या आवडीने खात होती.

डिपार्टमेंटमध्ये तिला सगळे चिमटी म्हणत. एक तर ती अंगाने काटकी. शिवाय कशालाही हात लावायच्या आधी चिमटा शोधायची तिची सवय. दुसऱ्याने वापरलेला पेला, दाराची कडी, ओला साबण, सगळ्यांचीच तिला शिसारी. घरी धाकटी बहीण म्हणायची, "ताईचं लग्न झालं तर ती नवऱ्यालाही चिमट्यात धरून आणील."

त्या दिवशी सरांनी तिला बोलावलं. "गावाबाहेरचं ते जुनं इस्पितळ बंद झालंय ना, तिथली कचरा जाळायची भट्टी पाडताहेत. चाळीस वर्षं चाललेली! ठेकेदाराशी बोललोय मी. आतल्या अस्तराच्या पाच-सहा विटा उचलून आण. पोस्टमॉर्टेम करू."

वापरलेली वीट कापून तपासतात, त्याला या धंद्यात पोस्टमॉर्टेमच म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द चिमटीला जरा जास्तच खरा वाटला.

"इस्पितळाचा कचरा म्हणजे, सर..."

"म्हणजे कचरा. हजार डिग्रीवर भाजलेला. त्याच्याइतकं स्वच्छ जगात दुसरं काही नसेल. जा."

नाही म्हणायची सोय नव्हती. मुदत संपायला चार महिने उरले होते आणि छापून आलेला एकही पेपर नव्हता. चिमटी निघाली.

डिपार्टमेंटचा टेंपो भट्टीमामा चालवायचे. भट्टीमामा म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने टेक्निशियन. भट्टी नुसत्या आवाजावरून तापमान सांगायची, ती त्यांना. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. तरुणपणी विटा दाबायच्या प्रेसखाली हात गेला होता. नवीन मुलं त्या हाताकडे टक लावून बघायला लागली की ते म्हणत, "आठांत भागतं रे. दोघांना लवकर रिटायर केलं."

एरवी वाटभर बडबडणारे मामा त्या दुपारी गप्प होते. इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी त्यांनी टेंपो थांबवला आणि म्हणाले, "तू ये जाऊन. मी इथंच बरा."

भट्टी अर्धी पाडून झाली होती. उघडं पडलेलं तिचं तोंड जबड्यासारखं दिसत होतं. नाकाला रुमाल बांधलेला ठेकेदार म्हणाला, "मागच्या भिंतीच्या नका नेऊ, कोरड्या आहेत. या तोंडाकडच्या न्या. चकाकी बघा यांना."

चकाकी होती खरी. विटांवर मधाच्या रंगाचा बोटभर जाड थर चढला होता. ओघळ ओघळ होऊन उतरलेला, टोकाशी थेंब धरून गोठलेला. चिमटीने चिमट्याने टोचून बघितलं. टणक होता, काचेसारखा. तरीही तिथल्या कामगारांनी एकावर एक असे दोन-दोन हातमोजे घातले होते. त्यातला एक विटा उचलून देताना हळूच म्हणाला, "बाई, उन्हात ठेवू नका. सुटतात."

"काय सुटतं?"

त्याने पुढची वीट तिच्यापुढे धरली.

परत आल्यावर तिने टेंपोत अंथरलेला कागद उचलला. विटांच्या खाली तो पार आरपार दिसत होता, तळणीचा कागद दिसतो तसा. मामांनी तो बघितला. नळाखाली जाऊन बराच वेळ हात धूत राहिले, एकच हात. डावा.

प्रयोग असा असतो. विटेचा मुठीएवढा तुकडा कापायचा, मधे अंगठा जाईल असा खड्डा पाडायचा, त्यात मळीची भुकटी भरायची आणि पंधराशे डिग्रीच्या भट्टीत ठेवून द्यायचा. थंड झाला की मधोमध कापायचा आणि मळीने किती खाल्लं ते मोजायचं.

कापतानाच पहिली गंमत झाली. करवतीच्या पात्यावर पाणी सोडलेलं असतं, ते खालच्या ट्रेमध्ये साठतं. एरवी ते पाणी राखाडी, गढूळ असतं. या वेळी त्यावर तवंग होता. पिवळसर, गोल गोल चकत्यांचा, हलवला की एकमेकांत मिसळणारा. चिमटीने नाक दाबून ते ओतून दिलं. मोरीचं भोक तुंबलं. काडीने कोरलं तर काडीला पांढरं, मऊ काहीतरी लागून आलं. तिने काडी फेकली, हात धुतले, मग पुन्हा धुतले.

पहिला तुकडा तापायला लागला तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. कॉरिडॉरमध्ये ऊन होतं, खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापत होतं. पाचशे डिग्रीला वास सुटला. चरबी तव्यावर सांडावी तसा, त्यात किंचित जळक्या केसांचा. ठीक आहे, चिमटीने स्वतःला समजावलं, वरवरचं काही असेल, जळून जाईल. नऊशेच्या वर जळण्यासारखं काही उरतच नाही. हे तर पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल.

नऊशे झाले. बाराशे. पंधराशे. वास वाढतच गेला.

दुसऱ्या दिवशी तिने तो तुकडा कापला. खड्ड्याच्या तळाशी मळीचा कणही नव्हता. सगळी मळी बाहेर, काठावर येऊन पडली होती, वाळलेल्या ओकारीसारखी. विटेने ती ढकलून दिली होती. तिने खड्ड्याची रुंदी मोजली, पुन्हा मोजली. पाडला होता त्यापेक्षा खड्डा लहान झाला होता. जखम भरून यावी तसा तो आत येत होता.

सर धावतच आले. आनंदाने त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता. "अगं, मळीच शिरत नाही! कुणाकडे नाहीये हे!" असं म्हणत त्यांनी तुकडा उचलला आणि सरळ जिभेला लावला.

तशी ही त्यांची जुनी सवय. या क्षेत्रातल्या जुन्या लोकांना असतेच ती. जीभ चिकटली म्हणजे वीट सच्छिद्र, नाही चिकटली म्हणजे घट्ट. पण चिमटीने तुकडा काढून घ्यायला चिमटा पुढे केला.

"सर, इस्पितळातली आहे ती!"

"पंधाशे दिग्री!" सर म्हणाले. जीभ चिकटल्यामुळे बोबडं आलं. मग चट्ट असा आवाज करत त्यांनी ती सोडवली, ओठांवरून एकदा फिरवली आणि जरासे थांबले. "खारट आहे गं," ते नवलाने म्हणाले.

थराची तपासणी झाली. कॅल्शियम आणि फॉस्फरस.

"हाडं, सर," चिमटी म्हणाली.

"मग? बोन चायनाच्या कपातून चहा पितेसच ना? त्यात हाडांचीच राख असते. विज्ञानात किळस नसते. आणखी तुकडे काप."

चिमटीने कापले. रोज एक तापवला. घरी गेली की आधी अंघोळ, मग कपडे गरम पाण्यात, मग परत अंघोळ. तरी एकदा धाकटीने जेवताना ताट उचललं आणि पलंगावर जाऊन बसली.

"काय झालं?"

"रागावू नकोस, ताई. पण तू... कुठे बाहेर काही खाऊन येतेस का? तुझ्या केसांना वास येतोय. मटणाच्या दुकानाच्या मागे येतो तसा."

चिमटीने त्या रात्री केस कापून टाकले, कानांच्या वरपर्यंत. वास गेला नाही.

सरांनाही काहीतरी झालं होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती चिमटा विसरली म्हणून परत आली, तर प्रयोगशाळेच्या काचेच्या दारातून सर दिसले. एकटेच होते, डोळे मिटलेले. हातात विटेचा तुकडा होता आणि ते तो चाटत होते. जीभ लावून बघत नव्हते, चाटत होते. सावकाश, खालून वर, लहान मूल कुल्फी चाटतं तसे. तिने चिमटा तिथेच राहू दिला आणि पाय न वाजवता मागे फिरली.

पुढच्या सोमवारी भट्टी थंड झाल्यावर तिने दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे आच कमी पोचते, तिथे पिवळा चिकट लेप धरला होता. तो रोजच धरायचा आणि ती रोज पुसायची. भट्टी रविवारभर बंद होती, तरी लेप कोमट लागला. हातमोज्यातूनही कळलं. पुसताना कागदाला काहीतरी टोचलं.

नख होतं. अख्खं, जाडसर, मोठ्या माणसाच्या हाताचं. मुळाशी पांढरा चंद्र आणि मधोमध उभी काळी रेघ.

चिमटीने तोंडावर हात दाबला. ओकारी मागे सरेपर्यंत ती भिंतीला धरून उभी राहिली. मग चिमट्याने ते काचेच्या बशीत ठेवलं. पंधराशे डिग्रीत नख राहणं शक्यच नव्हतं. म्हणजे कोणीतरी चेष्टा केली असणार, नंतर टाकलं असणार. ती बशी घेऊन मामांकडे गेली. ते मागच्या खोलीत चहा गाळत होते.

"मामा, भट्टीला कोणी हात लावला होता का?"

मामांनी तिच्या हातात कप दिला, बशी जवळ घेतली, चष्मा वर केला. बराच वेळ बघत राहिले. मग बशी टेबलावर ठेवून त्यांनी डावा हात तिच्या शेजारी ठेवला. जिथे करंगळीशेजारचं बोट असायला हवं होतं, बरोबर तिथे बशी आली.

"शाळेत असताना हे बोट दारात चेमटलं होतं," ते म्हणाले. "तेव्हापासूनची ती रेघ. नख वाढायचं, कापायचो, रेघ काही जायची नाही."

"मामा, काहीतरी काय..."

"प्रेसमध्ये बोटं तुटली नव्हती गं. चेंगरली होती. कापली ती त्या इस्पितळात. तिथल्या मावशी ट्रेवर कापड टाकून घेऊन चालल्या होत्या. मी शुद्धीवर होतो. म्हटलं, कुठे नेता? तर म्हणाल्या, कुठे नेणार बाबा... भट्टीत."

बाहेर गवत कापायचं यंत्र बंद पडलं. मामा हळू आवाजात पुढे म्हणाले, "तू भट्टी लावलीस की मला घड्याळ बघावं लागत नाही. पाचशेला चटका बसतो. हजारला... सोसवत नाही. नसलेली बोटं पोळतात, पोरी. कुणाला सांगू?"

खरं सांगायचं तर चिमटीच्या मनात आधी कीव आली नाही, किळसच आली. मामांच्या हातून घेतलेला चहाचा कप तिने न पिता खाली ठेवला. मामांनी ते बघितलं. ते बघून त्यांनी हात टेबलाखाली घेतला. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली ती याचीच.

ती सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे.

"याला फँटम पेन म्हणतात. अवयव गेला तरी मेंदूला तो आहेसा वाटतो. पुस्तकात आहे, वाच. राहता राहिलं नख. बापडे मामा म्हातारे झालेत, त्यांना काहीही आपलंच वाटतं." मग ते पुढे वाकले. त्यांच्या तोंडाला तोच वास येत होता. "शुक्रवारी शंभर तासांची टेस्ट लावायची. शंभर तास मळीत टिकलेली वीट, म्हणजे पेपर नक्की आणि मुदतवाढ नक्की. नाहीतर चार महिन्यांनी तू घरी. ठरव."

चिमटीने ठरवलं. शुक्रवारी दुपारी भट्टीचं बटण तिनेच दाबलं. मामांनी त्या दिवसापासून रजा टाकली होती.

शनिवारी सुट्टी असल्याने इमारतीत कोणी नव्हतं. लांब चालणारी भट्टी अशी एकटी सोडत नाहीत, म्हणून ती दुपारी आकड्यांची नोंद घ्यायला बसली. पंधराशे डिग्री, बाविसावा तास. वासाने खोली भरून गेली होती. तिने नाकाला बांधलेला रुमाल एकदा घट्ट केला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की रुमाल आतून ओला झालाय. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हनुवटीवरून ओघळत होतं.

तिने रुमाल ओरबाडून काढला. थुंकली, परत थुंकली. पाणी सुटायचं थांबेना. एक घोट तर गिळला गेलाच.

तेवढ्यात फोन वाजला. मामांच्या घरून मामी बोलत होत्या. "बाळ, येतेस का जरा? त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणते तर ऐकत नाहीत. तुलाच बोलवा म्हणतात."

मामांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. चिमटी पळत गेली. मामा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, डावा हात कोपरापर्यंत बादलीत. चेहरा मेणासारखा. डोळे उघडे होते, पण तिच्याकडे वळले नाहीत.

"पाच वेळा पाणी बदललं," मामी कुजबुजल्या. "गार पाणी घालते गं... दहा मिनिटांत बघ."

चिमटीने बघितलं. बादलीतून वाफ येत होती. मामांचा हात धडधाकट होता, कातडीवर साधा लाल डागही नव्हता. पण जिथे ती दोन बोटं नव्हती, तिथल्या पाण्यात बुडबुडे उठत होते, कढत्या पातेल्यात उठतात तसे. आणि वर तवंग होता. पिवळसर, गोल गोल चकत्यांचा.

"मामा..."

"किती तास राहिले?" मामांनी दात आवळून विचारलं.

चिमटीने मनातल्या मनात वजाबाकी केली. अठ्ठ्याहत्तर.

ती प्रयोगशाळेत परतली तेव्हा सर तिथे होते. भट्टीसमोर गुडघ्यांवर बसून दाराच्या बारीक भोकातून आत बघत होते. भोकातून येणाऱ्या झळीने त्यांच्या भुवया करपल्या होत्या. शर्टाची छाती लाळेने भिजलेली.

"सर, भट्टी बंद करतेय."

"हात लावू नकोस." आवाज अगदी प्रेमळ होता. "होत आलंय ते."

"काय होत आलंय?"

सर नुसते हसले... आणि त्यांनी घोट गिळला.

चिमटीने भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. भट्टीची गुणगुण थांबली. पण एवढ्या आचेची भट्टी नुसती बंद करून भागत नाही, निवायला तिला अख्खी रात्र लागते. तोवर मामांचा हात बादलीत राहिला असता. तिने चंदेरी कोट चढवला, तोंडावर जाळी ओढली, सगळ्यात लांब सांडशी घेतली. सर आडवे आले. या काटक्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला दोन्ही हातांनी ढकललं, आणि तिच्या तळव्यांना त्यांचा शर्ट गिळगिळीत लागला. मग तिने भट्टीचं दार उघडलं.

आत सगळं पांढरं होतं. डोळ्यांनी नीट दिसेना. मग तुकडा दिसला. भोवतालच्या रखरखाटात तो एकटाच लालसर होता. खड्डा जवळजवळ मिटला होता, फक्त एक चीर उरली होती, दोन्ही काठ जाड, मऊ. आणि पंधराशे डिग्रीत, जिथे दगडाचंही पाणी होतं, तिथे ती चीर ओली होती. चिमटी बघत असताना ती किंचित उघडली... आणि मिटली.

तिने सांडशी आत घातली. दगड पकडल्यासारखा तो पकडला गेला नाही. दबला. तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो तिचाच होता हे तिला नंतर समजलं. तुकडा बाहेर ओढून तिने तो कोपऱ्यातल्या गार लोखंडी फरशीवर आपटला.

तापलेली वीट गार लोखंडावर पडली की तडकते, एवढं तिला तिच्या विषयाने शिकवलं होतं. तडकली. टण् असा आवाज झाला, आणि पाठोपाठ दुसरा, सुस्कारा टाकल्यासारखा. फुटलेल्या तुकड्यांमधून पातळ, पिवळं काहीतरी ओघळलं, फरशीभर पसरलं आणि बघता बघता पांढरं थिजलं.

सर तिथे ओणवे झाले होते. ते काय करत होते ते तिने बघितलं नाही. नको होतं बघायला. ती दारात जाऊन ओकली. सगळं बाहेर पडल्यावरही ओकत राहिली.

फोन वाजला. "थांबलं गं," मामी रडत होत्या. "झोप लागलीय त्यांना."

उरलेल्या विटा आणि तुकडे तिने दुसऱ्या दिवशी टेंपोत भरले, हातमोजे न घालता, हातांनी. मामा बरोबर आले. गावाबाहेर दगडाची बंद पडलेली खाण आहे, तळ कोणी बघितलेला नाही इतकं पाणी. एकेक वीट दोघांनी मिळून त्यात सोडली. नखही सोडलं. परतताना मामांनी चहा घ्यायला टेंपो थांबवला. चिमटीने त्यांच्या हातून कप घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

सरांनी तिला काढलं नाही, ओरडलेही नाहीत. ते आजारी रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. लोक म्हणतात, त्यांच्या जिभेला काहीतरी झालं, हल्ली घरात कोणाशी बोलत नाहीत, जेवायलाही दार लावून बसतात. चिमटीला डिपार्टमेंटमधल्या एका प्राध्यापक बाईंनी आपल्याकडे घेतलं. विषय बदलला, दोन वर्षं वाढली, पण डिग्री मिळाली. केस परत वाढले. धाकटी परत शेजारी बसून जेवायला लागली.

हे इथे संपायला हवं होतं.

डिग्री मिळाल्यावर चिमटी मामांच्या पाया पडायला गेली. थंडीचे दिवस होते. मामा अंगणात उन्हाला बसले होते, चांगले तुकतुकीत दिसत होते. गप्पांच्या ओघात तिने विचारलं, "हात कसा आहे आता?"

"मजेत!" मामा हसले. "दुखणं नाही, काही नाही. उलट पहाटे पहाटे त्या दोन बोटांना छान ऊब येते. थंडीत बरं वाटतं गं. तास-दोन तास राहते, मग जाते. रोज."

चिमटीचं हसू ओठांवरच राहिलं. "कधीपासून?"

"झालं असेल की वर्ष."

तिने ठेकेदाराचा नंबर शोधून काढला. त्याला आठवायला जरा वेळ लागला. "ती इस्पितळाची भट्टी? हां, हां. तुम्ही पाच-सहाच तर नेल्यात. बाकीच्या तोंडाकडच्या पडूनच होत्या माझ्याकडे. गेल्या साली एका बेकरीवाल्याने उचलल्या. नवीन भट्टी बांधायची होती त्याला."

बेकरी बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. चिमटी पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, पाव संपून गेले होते. गल्लीत नुसता भाजल्या पिठाचा वास होता. चांगला वास होता. तिने मुद्दाम खोल श्वास घेऊन बघितला, त्यात दुसरं काही सापडलं नाही. बेकरीवाला गोल चेहऱ्याचा, आनंदी माणूस होता. कॉलेजातून विटा बघायला आलेय म्हटल्यावर त्याने कौतुकाने भट्टीचं लोखंडी झाकण उघडून दाखवलं. तोंडाला सगळीकडून मधाच्या रंगाची चकाकी. आधीपेक्षा जास्त.

"काढून टाका या," चिमटी म्हणाली. "मी दुसऱ्या देते आणून. आजच."

"का हो ताई? लाकूड निम्मं लागतं. अशी भट्टी गावात कुणाकडे नाही." त्याने आवाज खाली आणला. "आणि एक सांगू? खोटं वाटेल तुम्हाला. साठ पाव आत घातले की एकसष्ट निघतात. रोज."

"मोजण्यात... चूक होत असेल."

"आम्हीपण तेच म्हटलं आधी. मग साठही पावांवर सुरीने खुणा करून घातले. एकावर खूण नसतेच. जरा वेगळाच दिसतो तो. गुलाबीसर. लई मऊ."

चिमटीने गल्ल्याची कड धरली. "त्याचं काय करता तुम्ही?"

"जास्तीचा कसा विकायचा? घरीच ठेवतो."

आतल्या दाराचा पडदा सरला आणि त्याची बायको बाहेर आली. तिच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांची मुलगी होती. मुलीने दोन्ही मुठींनी काहीतरी तोंडाशी धरलं होतं आणि ती ते मन लावून चोखत होती, डोळे अर्धे मिटून.

"दात येताहेत ना हिला," बायको लेकीची हनुवटी पदराने पुसत म्हणाली. "दुसरं काही तोंडात धरतच नाही आता."